उसातला बिबट्या आणि पाठाचं टाचण

बी.एड.ला आलेल्या मुलामुलींच्या हातात खरा वर्ग येतो तो आंतरवासितेत. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४च्या नियमांनी हा अभ्यासक्रम दोन वर्षांचा झाला आणि शाळेत राहून शिकवण्यासाठी २० आठवडे राखले गेले. शाळेत जाण्याआधी महाविद्यालयातच आपल्याच वर्गमित्रांना विद्यार्थी समजून पाच-सहा मिनिटांचे सूक्ष्म पाठ घ्यायचे, मग सेतू पाठ, मग शाळेत पूर्ण तासाचे पाठ. प्रत्येक पाठाचं टाचण आधी लिहायचं, तपासून सही घ्यायची आणि पाठ झाला की त्यावर चिंतन लिहायचं. अशी ही रीत आहे. ३० नोव्हेंबर २०२२ला चॅटजीपीटी आलं आणि काही महिन्यांतच टाचण, प्रश्नपत्रिका, कृती संशोधनाचा अहवाल आणि ते चिंतनसुद्धा फोनवर लिहून मिळू लागलं.

यात बिघडलं काय, आणि बिघडलं असेल तर कोणाचं, यावर शिरूर-दौंड भागातल्या दोन छात्राध्यापकांचं बोलणं पुढे मांडलं आहे. दोघंही मी रचलेली आहेत. वादाचा विषय संवादातून उलगडायची रीत मराठीत जुनी आहे. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ धोंडिबा आणि जोतीराव यांच्या बोलण्यातून लिहिली. इथल्या दोघांपैकी ताई शिरूर तालुक्यातल्या, लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी पुन्हा शिकायला आलेल्या. यजमान रांजणगावच्या एमआयडीसीत कामाला. दुसरा दौंडचा, बी.एस्सी. होऊन आलेला. वयाने लहान असला तरी ताई त्याला दादाच म्हणतात.

दादा : ताई, काल रात्री किती वाजेपर्यंत टाचणं लिहीत होतात?

ताई : साडेअकरा. पोरांचं आवरून बसायलाच साडेनऊ होतात.

दादा : माझी अर्ध्या तासात झाली. इयत्ता, विषय, घटक आणि वेळ टाकली. उद्दिष्टं, प्रस्तावनेचे प्रश्न, हेतूकथन, विषय विवेचन, फलकलेखन, गृहपाठ, सगळं रकान्यांत बसून आलं. मॅडमनी सही केली, खाली ‘छान’ असा शेराही दिला. तुम्ही रात्र जागून वेगळं काय मिळवलंत?

ताई : लिहिताना वर्ग डोळ्यांपुढे येतो. हा प्रश्न कोणाला विचारायचा, तो गप्प राहिला तर पुढे काय, हे उदाहरण या पोरांनी पाहिलंय का. लिहिलेल्या कागदाचं मला एवढं नाही, पण लिहिताना जो विचार होतो तो दुसऱ्याने करून दिला तर माझ्या डोक्यात काय उरणार?

दादा : विचार करून टाचण लिहिणारे आपल्या वर्गात किती आहेत, खरं सांगा. मागच्या बॅचची फाइल मिळाली की अर्ध्यांचं काम भागतं. नाव आणि तारीख बदलायची, बाकी तसंच उतरवायचं. हे मशीन येण्याच्या कितीतरी आधीपासून चाललंय. उलट मशीन निदान प्रत्येकाला वेगळं देतं.

ताई : नक्कल होती, मान्य. पण नक्कल करणाऱ्याला ठाऊक असायचं की ही नक्कल आहे. फाइल दुसऱ्याची, वर्ग दुसरा, हे त्याला दिसायचं. आता फोनवरून येतं त्यावर ‘इयत्ता सातवीच्या ग्रामीण विद्यार्थ्यांसाठी’ असं छापून येतं, म्हणून ते आपल्याच वर्गासाठी लिहिलंय असं वाटतं. आपल्या गटातल्या एकीचा विज्ञानाचा पाठ मी मागे बसून पाहिला. सातवीचा घटक, ‘सजीव सृष्टी : अनुकूलन व वर्गीकरण’. टाचण फोनवरून उतरवलेलं. दिसायला चांगलं होतं, तिची चित्रंही चांगली होती. उंट, ध्रुवीय अस्वल, बदक, बिबट्या. शेवटी मूल्यमापनात तिने विचारलं, बिबट्याचा अधिवास कोणता? एक मुलगा उठला आणि म्हणाला, “आमच्या उसात.”

दादा : मग?

ताई : टाचणात उत्तर होतं, घनदाट जंगल. ती म्हणाली, “नाही, नीट विचार कर.” पुढच्या बाकावरच्या मुलीने ‘जंगल’ सांगितलं, तिला शाबासकी मिळाली. तो मुलगा खाली बसला. त्यानंतर तास संपेपर्यंत त्याने हात वर केला नाही.

दादा : हं.

ताई : त्या मुलाच्या घरामागे ऊस आहे, दादा. कुकडीचं आणि घोडचं पाणी आलं तसा या पट्ट्यात बारमाही ऊस उभा राहायला लागला. आडसाली ऊस सोळा-अठरा महिने शेतात असतो. आत दाट सावली, माणसाची वर्दळ नाही, जवळच वस्तीवरची कुत्री, शेळ्या, वासरं. मादी उसातच विते. तिच्या पिल्लांनी जंगल पाहिलेलंच नसतं. तोडणी सुरू झाली की बछडे सापडतात, मग वनखातं त्यांना पुन्हा आईजवळ पोचवायची खटपट करतं. जुन्नरला माणिकडोहला बिबट्यांचं निवारा केंद्र आहे. अकोले तालुक्यातल्या शेतांमधल्या बिबट्यांवर विद्या अत्रेय यांनी वर्षानुवर्षं काम केलं आणि माणसांच्या वस्तीलगत पिकात बिबटे कसे राहतात ते मांडलं. प्राणी बदललेल्या परिसराशी कसा जुळवून घेतो हे शिकवायला याच्याहून चांगलं उदाहरण कुठे मिळेल? ते उदाहरण घेऊन मूल वर्गात उभं होतं आणि आपण त्याला खाली बसवलं.

दादा : पिंपरखेडचं काय झालं ते आम्हालाही ठाऊक आहे.

ताई : तेच म्हणते. २०२५च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात तिथे बिबट्याच्या हल्ल्यांत लहान पोरं गेली. त्या मुलाच्या दृष्टीने बिबट्या कुठे राहतो हा मूल्यमापनाचा प्रश्न नाही. संध्याकाळी कोणत्या वाटेने घरी जायचं, हा त्याचा रोजचा प्रश्न आहे.

दादा : पण यात चूक मशीनची आहे की शिकवणारीची? मी तोच घटक घेतला असता तर लिहिलं असतं, शिरूर तालुका, उसाचा पट्टा, मुलांना बिबट्याची भीती आहे. मग ते बरोबर तशी उदाहरणं देतं, मी करून पाहिलंय. आणि पाठ्यपुस्तक तरी शिरूरसाठी कुठे असतं? बालभारतीचं पुस्तक गडचिरोलीला तेच आणि सिंधुदुर्गाला तेच.

ताई : पुस्तक साऱ्या राज्याचं आहे हे सगळ्यांना माहीत असतं. म्हणून तर पुस्तक आणि वर्ग यांच्या मध्ये शिक्षक लागतो. तू उसाचा पट्टा असं लिहिलंस, कारण तुला ते ठाऊक आहे. जिला सुचलं नाही तिला मशीनने विचारलं का, की बाई, तुमच्याकडे बिबट्या कुठे असतो?

दादा : नाही विचारत. ते कसं चालतं ते सांगतो. त्याला अफाट मजकूर वाचायला दिलेला असतो आणि एका शब्दामागून कोणता शब्द येण्याचा संभव जास्त, ते त्यातून ते शिकतं. बिबट्याबद्दल जगात जेवढं लिहिलंय त्यात जंगलच जास्त वेळा येणार. म्हणून न सांगता विचारलं की जंगल येतं. जे पुष्कळांनी लिहिलं ते आधी वर येतं.

ताई : आणि जे कोणी लिहिलंच नाही?

दादा : ते आपण सांगितल्याशिवाय येत नाही. २०११च्या जनगणनेत मराठी मातृभाषा असणारे आठ कोटी तीस लाख होते, पण इंटरनेटवर मराठी मजकूर इंग्रजीच्या पासंगालाही पुरत नाही. त्यातही आपल्या वस्तीवरचं बोलणं तर कुठेच लिहिलेलं नाही.

इथे दादाने नकळत ताईंची बाजू भक्कम केली, असं मला वाटतं. यंत्राचं दान विचारणाऱ्याच्या जाणतेपणावर अवलंबून असेल, तर ज्याचा जाणतेपणा अजून घडायचा आहे त्याच्या हाती ते सर्वांत कमी लागतं. छात्राध्यापक नेमका त्याच टप्प्यावर असतो. वीस वर्षं शिकवलेला शिक्षक फोनवर आलेलं टाचण पाहून दोन ओळी खोडेल, तीन घालेल. पहिला पाठ घेणारी मुलगी त्यातलं ‘घनदाट जंगल’ जसंच्या तसं फळ्यावर लिहील. दोघांना एकच साधन दिलं म्हणून दोघांना सारखा उपयोग झाला असं होत नाही.

हा जाणतेपणा कुठून यावा, हा प्रश्न जुना आहे. १८८२ मध्ये हंटर शिक्षण आयोगापुढे दिलेल्या निवेदनात जोतीरावांनी प्राथमिक शाळांचे शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातून घडवावेत अशी मागणी केली होती. असा शिक्षक लोकांत मिसळेल आणि त्यांच्या गरजा, इच्छा त्याला अधिक कळतील, हे त्यामागचं कारण त्यांनी दिलं होतं. शिकवणाऱ्याला काय काय माहीत असलं पाहिजे याच्या आजवरच्या याद्यांत मला हीच अट सर्वांत वरची वाटते. समोरच्या मुलाचं घर कशावर चालतं हे शिक्षकाला माहीत हवं.

पण दादाकडे अजून एक मुद्दा होता, आणि तो कमी वजनाचा नव्हता.

दादा : माझ्या शाळेत सहावीत एक मुलगा आहे. वडील रांजणगावला कंत्राटी कामगार, घर बिहारचं. जूनमध्ये आला. मराठी जवळजवळ येत नाही. खिडकीपाशी बसवून ठेवलेला असायचा, वहीत फळ्यावरचं चित्रासारखं उतरवायचा. वर्गशिक्षक वाईट नाहीत, पण साठ पोरांत एकाला वेगळं काय करणार? मी इतिहासाच्या घटकातले वीस शब्द काढले, फोनवरून त्यांचे हिंदी अर्थ, सोपी वाक्यं आणि एक छोटा संवाद तयार करून घेतला, त्याला कागद दिला. दुसऱ्या दिवशी त्याने पहिल्यांदा उत्तर दिलं.

ताई : अरे वा. हिंदीत?

दादा : अर्धं हिंदीत, अर्धं मराठीत. आणि एक शब्द दाखवून म्हणाला, सर, आमच्या घरी याला असं म्हणत नाहीत. घरी भोजपुरी बोलतात. मग त्याच्याकडून मी चार शब्द शिकलो. तेव्हापासून तो माझ्याशी बोलतो.

ताई : तो बोलला कारण तू त्याच्याकडे पाहिलंस. खिडकीपाशी बसलेला तुला दिसला. ते काही मशीनने सांगितलं नव्हतं.

दादा : दिसला मला, खरं. पण दिसून मी काय करू शकलो असतो? हिंदी मला मोडकीतोडकी येते. उद्या ओडिशाचा मुलगा आला तर मला एक अक्षर येत नाही. सणसवाडी, शिक्रापूर, रांजणगाव, तिकडे कुरकुंभ, जिथे कारखाने तिथल्या शाळांत अशी मुलं आहेत. डिसले गुरुजींचं उदाहरण आपण पाठ करून परीक्षेत लिहितो, २०२०चं जागतिक शिक्षक पारितोषिक, दहा लाख डॉलर, त्यातले निम्मे अंतिम फेरीतल्या नऊ जणांना वाटले. पण परितेवाडीला त्यांनी आधी काय केलं? पोरांची घरची भाषा कन्नड, पुस्तकं त्या भाषेत नाहीत. ते भाषा शिकले, मजकूर तिकडे नेला आणि मग क्यूआर कोडमागे कविता, गोष्टी, व्हिडिओ ठेवले. ती पद्धत पुढे राज्याच्या पाठ्यपुस्तकांत आली. भाषा शिकायला त्यांना किती कष्ट पडले असतील! मला ते मशीनने एका रात्रीत थोडंफार करून दिलं. हे तुम्ही नको म्हणणार?

ताई : नाही म्हणणार. हे मला करता आलं नसतं. साखरशाळेतल्या किंवा तोडणीच्या हंगामात आलेल्या पोरांसाठी असं काही झालं तर मी स्वतः तुझ्याकडे शिकायला येईन. पण तुझ्या गोष्टीत आधी मूल आलं, मग मशीन. टाचणात तू उलटं करतोस. आधी मशीन, मग जमलं तर मूल.

दादा : ताई, माझं गाव दौंड तालुक्यात. केडगाव आमच्याच तालुक्यातलं. पंडिता रमाबाईंनी मुक्ती सदनात छापखाना घातला तेव्हाही लोक म्हणाले असतील की बायकांना ही यंत्रं कशाला. दुष्काळातून आणलेल्या, घरातून टाकलेल्या मुली खिळे जुळवायला शिकल्या, मुद्रितं तपासायला शिकल्या. रमाबाई १९२२ मध्ये गेल्या आणि त्यांचं बायबलचं मराठी भाषांतर १९२४ मध्ये तिथूनच छापून निघालं. त्यांच्या मुलीने, मनोरमाबाईंनी, अंध मुलींना ब्रेल शिकवलं. त्या काळातलं नवं तंत्र रमाबाईंनी सर्वांत दुबळ्या समजल्या जाणाऱ्या मुलींच्या हाती दिलं. आपण मात्र घाबरून बसायचं?

ताई : केडगावचं उदाहरण काढलंस ते बरं केलंस. त्या छापखान्यात मुली काय करत होत्या? अक्षराअक्षराचा खिळा उचलून जुळवत होत्या. काना राहिला, वेलांटी चुकली तर मुद्रितात दिसायची आणि तो खिळा त्यांनाच काढून बदलावा लागायचा. पुस्तक तयार होता होता मुलगी तयार होत होती. रमाबाईंना नुसती पुस्तकं हवी असती तर मुंबई-पुण्याच्या छापखान्यांतून छापून आणता आली असती. १८८२च्या त्याच हंटर आयोगापुढे रमाबाईंनीही साक्ष दिली आणि स्त्री शिक्षकांना नीट प्रशिक्षण द्या असं सांगितलं. काम करता करता माणूस घडतं, यावर त्या बाईंचा विश्वास होता. आपल्या फोनमध्ये पुस्तक आधीच तयार असतं. खिळे जुळवायचं काम त्यात कुठे आहे?

दादा : काम आहे. नीट प्रश्न घालणं, आलेलं तपासणं, चुका काढणं.

ताई : ते करणारा मला दाखव. अजून एक, तो छापखाना केडगावात उभा होता. यंत्र कुठे अडलं ते तिथल्या बायकांना कळत होतं. हे मशीन आपल्यापैकी कोणी उघडून पाहू शकत नाही. कंपनीने उद्या पैसे मागितले किंवा उत्तरं बदलली तर आपण काही करू शकत नाही.

दादा : पैशाचं खरं आहे. पण घरचं साधन तरी कुठे टिकलं? पुण्यात मुलांसाठी शैक्षणिक कार्यक्रम करणारी बालचित्रवाणी होती, सरकारी. १९८४ला सुरू झाली, २०१७ला बंद पडली. दूरदर्शनवर तिचे कार्यक्रम लागायचे असं आई सांगते.

ताई : आई काय, मीही पाहिलेत. मराठी मुलांसाठी मराठी माणसांनी मराठीत केलेले. ती संस्था बंद झाली तेव्हा फार कोणाला वाईट वाटलं नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

ताईंचं हे बोलणं मी इथे मुद्दाम राहू दिलं आहे. आपण एआयबद्दल तावातावाने बोलतो, पण मराठी मुलांसाठी शैक्षणिक साहित्य तयार करणारी जी सार्वजनिक यंत्रणा होती ती का टिकली नाही, याची चर्चा अध्यापक महाविद्यालयांत होताना दिसत नाही. बाहेरून आलेल्या साधनाची आपण जेवढी वाखाणणी करतो, त्याच्या चौथ्या हिश्शाइतकी आस्था घरच्या साधनाला मिळाली असती, तर आज यंत्राला शिकवायला निदान पुरेसा चांगला मराठी मजकूर आपल्याकडे असता.

पुढचा विषय पाठावरच्या चिंतनाचा. टाचणापेक्षा इथला पेच मला अधिक गंभीर वाटतो.

ताई : तो बिबट्याचा पाठ झाल्यावर तिने चिंतन लिहिलं. माझ्या निरीक्षणाच्या कागदामागे जोडलेलं होतं म्हणून वाचायला मिळालं. “आजच्या पाठातून मला विद्यार्थ्यांच्या सक्रिय सहभागाचे महत्त्व समजले. विद्यार्थ्यांनी उत्स्फूर्त प्रतिसाद दिला. पुढील पाठात वेळेचे नियोजन अधिक प्रभावीपणे करण्याचा मी प्रयत्न करेन.”

दादा : हे फोनवरचं आहे. असली वाक्यं मीही घेतलीत.

ताई : त्यात तो मुलगा कुठेच नाही. ज्या तासाला एका पोराचं खरं उत्तर चूक ठरलं, त्या तासाबद्दल लिहिलंय की उत्स्फूर्त प्रतिसाद मिळाला. मशीन वर्गात नव्हतं, त्याला कसं कळणार? पण ती होती ना. स्वतः बसून चार ओळी लिहायला घेतल्या असत्या तर तो मुलगा तिला आठवला असता. ‘उसात’ म्हणाला तेव्हा माझं काय चुकलं, असा प्रश्न पडला असता. टाचण एक वेळ दुसऱ्याकडून घे. जे घडलं ते पाहणं दुसऱ्यावर सोपवता येत नाही.

दादा : हे पटतं. पण ती खरं लिहील कशी? चिंतनाला अंतर्गत गुण आहेत. ‘मी एका विद्यार्थ्याला गप्प केलं’ असं लिहिणाऱ्याचे गुण वाढतात की कमी होतात?

ताई : कमी होतात.

दादा : मग मशीन यायच्या आधीही सगळे हेच लिहीत होते. पाठ उत्तम झाला, विद्यार्थ्यांनी चांगला प्रतिसाद दिला, वेळ थोडा कमी पडला. वेळ कमी पडला हे लिहायला सोपं, त्यात कोणाचा अपमान होत नाही. मशीनने तीच वाक्यं जरा गुळगुळीत करून दिली. खोटं लिहायची सवय आपल्याला महाविद्यालयाने आणि गुणपत्रकाने लावली.

दादाचं हे म्हणणं मला पूर्ण मान्य आहे. चिंतन या नावाखाली आपण छात्राध्यापकांकडून वर्षानुवर्षं निरुपद्रवी वाक्यं मागवली. जी वाक्यं कोणत्याही पाठाला, कोणत्याही वर्गाला, कोणत्याही गावाला लावता येतात, ती यंत्राला सर्वांत चांगली जमतात. त्यामुळे यंत्राने चिंतन लिहिलं याची तक्रार करणाऱ्यांनी आधी आपण कोणत्या चिंतनाला गुण देत होतो ते तपासलं पाहिजे. ताईंचं दुःखही तितकंच खरं आहे. पूर्वी खोटं लिहिणाऱ्यालाही ते खोटं स्वतःच्या हाताने लिहावं लागे, आणि लिहिता लिहिता कधीतरी त्या मुलाचा चेहरा आठवण्याची शक्यता उरायची. आता तीही गेली.

दादा : तुम्ही नोकरीला लागाल तेव्हा बघा. शिक्षणसेवक म्हणून माध्यमिकला महिना १८ हजार. तेही अनुदानित जागा मिळाली तर. त्यावर मतदार याद्या, सर्वेक्षणं, पोषण आहाराच्या नोंदी, रोज कसली ना कसली ऑनलाइन माहिती भरायची. रात्री टाचण लिहायला वेळ आणणार कुठून?

ताई : ती कामं सगळी दे मशीनला. आजच दे. अहवाल, तक्ते, परिपत्रकांना उत्तरं, सहलीच्या परवानगीचे अर्ज. त्यातून वाचलेला वेळ मला टाचणाला पाहिजे. इथे तर सगळे उलटं करतात, टाचण मशीनकडे आणि तक्ते हाताने.

दादा : तक्तेही देताना जपून. आमच्याकडे एकाने निकालाचं पृथक्करण करायला वर्गाची अख्खी यादी टाकली. नावं, जन्मतारखा, जात प्रवर्ग, गुण. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात अठराखालच्या मुलांची माहिती वापरायला पालकांची संमती घेण्याची तरतूद आहे. मी त्याला सांगितलं, नावं काढ, क्रमांक ठेव.

ताई : हे मात्र मला माहीत नव्हतं. हे तू सगळ्यांना सांग. आणि पोरांना स्वतःला हे वापरायला द्यायचं का?

दादा : युनेस्कोच्या २०२३च्या मार्गदर्शिकेत वर्गात वापरायला किमान वय १३ ठेवा असं सुचवलंय. सहावी-सातवीची पोरं त्याच्या आतली. तसंही घरात एकच फोन, तो बापाबरोबर पाळीला जातो.

ताई : आपल्याच तालुक्यात वाबळेवाडीला काय झालं आठव. जिल्हा परिषदेची शाळा. दत्तात्रय वारे गुरुजी आणि गावकऱ्यांनी मिळून उभी केली. टॅबही होते तिथे. पण पोरंच एकमेकांना शिकवतात, विषयमित्र, ते मला जास्त मोठं वाटतं. पुढे वारे गुरुजी खेड तालुक्यात जालिंदरनगरला गेले आणि २०२५ मध्ये त्या शाळेला जगातल्या उत्तम शाळांच्या पारितोषिकांत लोकपसंतीचा मान मिळाला. गाव तेच नव्हतं, इमारत ती नव्हती, यंत्रं ती नव्हती. माणसं जोडायची रीत बरोबर गेली.

दादा : म्हणजे यंत्र नकोच, असं?

ताई : तसं मी एकदाही म्हटलं नाही. माझं म्हणणं आपल्या महाविद्यालयापुरतं आहे. पहिले दहा पाठ तरी टाचण हाताने, आपल्या डोक्याने. त्यानंतर ज्याला हवं त्याने मशीन वापरावं, पण मशीनने दिलेलं आणि आपण बदललेलं, दोन्ही फाइलला लावावं. काय खोडलं आणि का खोडलं ते समासात लिहावं.

दादा : म्हणजे अजून एक कागद.

ताई : त्या बदल्यात चिंतनाचे गुण काढून टाका. गुण नसले तर माणसं खरं लिहितील. निरीक्षकांनी पाठानंतर दोनच प्रश्न विचारावेत. आज तुम्हाला अपेक्षित नसलेलं उत्तर कोणी दिलं, आणि त्याचं तुम्ही काय केलंत. हे मशीनला विचारून सांगता येणार नाही.

दादा : मग निरीक्षकांनाही अख्खा तास मागे बसावं लागेल. आत्ता एका तासाला तीन वर्गांतून फिरून सह्या होतात.

ताई : बसावं लागेल. शिक्षक घडवायचं काम त्यांनी घेतलंय, तर तास पुरा पाहिला पाहिजे.

दादा : समजा, मी टाचण मशीनकडून घेतलं. पण वर्गात तो मुलगा ‘उसात’ म्हणाला तेव्हा टाचण मिटलं, त्याला फळ्यापाशी बोलावलं, उसाचं वावर आणि घराची वाट काढायला लावली आणि उरलेला तास त्यावरच घेतला. तर?

ताई : तर तुला माझ्यापेक्षा जास्त गुण मिळायला हवेत. फक्त त्या मुलाचं उत्तर तुझ्या फाइलमध्ये त्याच्या शब्दांत लिहिलेलं असलं पाहिजे. पुढच्या वर्षी ती फाइल कोणी उतरवून घेतली तरी चालेल.